तांबोळी मॅडमचं सोवळं

त्या शनिवारी तांबोळी मॅडमचा कप मीच वापरला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्राला बाकी सगळं सांगतो त्यालाही नाही. मॅडमनी मला समोरासमोर विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणालो. पुढे जे झालं ते सगळं त्या 'नाही'मुळे झालं.

आता एका कपाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. कपाचं सांगतोच, पण आधी मॅडमचं सांगतो.

डॉ. रेहाना तांबोळी. आमच्या संस्थेत तिसऱ्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती आणि मी तिथे कंत्राटावर लागलो होतो. उंचीने बेताच्या, सुती साडी, पदर खोचलेला, वर पांढरा कोट, पायात कॅनव्हासचे बूट. घराणं चार पिढ्या पुण्यातलं, भवानी पेठेत वडिलांचं चष्म्यांचं दुकान. त्यांचं मराठी ऐकून नवीन मुलं चाट पडायची आणि मॅडमच्या ते लक्षात यायचं. मग त्या म्हणायच्या, "का हो, मी काय दुबईहून आलेय?"

त्यांचं काम थोडक्यात असं. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती तेलकट, पातळ पडदा असतो. मीठ-पाण्यातले विजेचा भार असलेले कण, म्हणजे आयन, त्यातून आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पडद्यात दारं असतात. हृदय चालतं, डोकं चालतं ते या दारांच्या उघडझापीवर. निसर्गाने केलेली दारं फार गुंतागुंतीची. मॅडमचा हट्ट असा, की एक अगदी साधं दार माणसाने स्वतःच्या हाताने घडवावं. अमिनो आम्लांचे मणी ओवून आखूड साखळी करायची. मणी असे निवडायचे की साखळी आपोआप स्प्रिंगसारखी वळेल. आणि अशा पाच-सहा वळलेल्या साखळ्या पडद्यात शेजारी शेजारी उभ्या राहतील, मधे भोक सोडून.

"भोंडला बघितलाय ना?" त्या विद्यार्थ्यांना विचारायच्या. "तसा फेर. हत्तीच्या जागी भोक."

लहानपणी गल्लीतल्या प्रत्येक भोंडल्याला त्यांना बोलावणं असायचं. "माझं कौतुक म्हणून नाही रे," त्यांनी मला सांगितलं होतं. "मला डबा हलवून खिरापत ओळखता यायची. बाकीच्या मुली तासभर ओळखत बसायच्या, मग मलाच पुढे करायच्या. शेवया, लाडू, भिजवलेली डाळ, प्रत्येकाचा आवाज वेगळा."

साखळी ओवण्याचं काम अतिशय संथ. राळेच्या बारीक दाण्यांवर पहिला मणी अडकवायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मणी चढला का हे बघायला दर वेळी चार दाणे बाजूला काढून रसायनात तापवायचे. निळे झाले तर चढला नाही, पुन्हा करा. पिवळे राहिले तर पुढे चला. यंत्र होतं, पण निळं-पिवळं मॅडम स्वतः बघायच्या. त्या कामातल्या एका द्रवाला कुजक्या मासळीसारखा वास येतो आणि तो कपड्यांत बसतो. "हडपसरच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही," त्या म्हणायच्या. "पाय पसरून जाते मी. रसायनशास्त्राने एवढं तरी दिलं."

साखळी तयार झाली की ती दार होते का हे बघायचं. त्यासाठी कप. औषधाच्या मापाएवढा, पांढरा, टेफ्लॉनचा, म्हणजे घरातल्या नॉनस्टिक तव्यावर असतं त्या पदार्थाचा. कपाच्या भिंतीला सुईच्या टोकाहून बारीक भोक. आत-बाहेर मीठ-पाणी, आणि भोकावर चरबीचा पडदा ओढायचा, साबणाच्या फुग्यासारखा. त्यावर आधी रंग फिरताना दिसतात, मग तो विरळ होत होत काळा पडतो. पूर्ण काळा झाला की तो पेशीच्या पडद्याइतका पातळ झाला असं समजायचं. हे सगळं तांब्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात, जुन्या घरांत दुधाचं कपाट असायचं तसल्या. आत चांदीच्या दोन तारा. दार उघडलं की तारांतून नगण्य प्रवाह वाहतो आणि संगणकावरची रेघ एक पायरी वर चढते.

बाकीचे सगळे ती रेघ बघत. मॅडमनी मात्र तिला एक जुना स्पीकर जोडून घेतला होता. दार बंद असताना त्यातून खर्जातली एकसुरी गुणगुण येई. दार उघडलं की सूर एकदम एक पायरी वर. आणखी एक साखळी फेरात आली, भोक रुंदावलं, की आणखी एक पायरी. मग फेर मोडला की झटक्यात खाली. मॅडम संगणकाकडे पाठ करून, डोळे मिटून बसायच्या. "डोळे लबाड असतात. त्यांना हवं तेच दिसतं."

लिफ्टची मोटर सुरू झाली की गुणगुणीत खरखर येई, म्हणून त्या लिफ्ट बंद ठेवायला लावत. एकदा संचालक तीन मजले चढून धापा टाकत आले. "काय तांबोळीबाई, तुमची दारं उघडायची म्हणून आमचं दार बंद?"

मॅडमनी डोळे न उघडता सांगितलं, "सर, तुम्हाला जिना आहे. आयनला नाही."

त्यांचा एक नियम होता, आधी रिकाम्याचं ऐकायचं. नुसता पडदा ओढायचा, त्यात काहीही घालायचं नाही आणि ऐकत बसायचं. "रिकामा गप्प असेल तरच भरलेल्यावर विश्वास ठेवायचा," असं त्या म्हणत. ते ऐकताना खोलीत कुणी खोकलं तरी त्या हात वर करत. पंखा बंद, लिफ्ट बंद, भर सकाळचं ऊन फरशीवर, आणि पिंजऱ्यातून ती सपाट गुणगुण. मला ते कधी सोसवलं नाही. काहीच नसण्याकडे एवढं लक्ष देणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि दुसरं त्यांचं सोवळं. एक बुरशी असते, ती असंच दार निसर्गतः बनवते. ते बाटलीत विकत मिळतं. मॅडमच्या साखळीचा नमुना मुळात त्यावरूनच घेतलेला, त्यामुळे दोघांचा सूर जवळजवळ सारखा. फरक एवढाच, की मॅडमची साखळी धुतली की जायची, आणि हे बुरशीवालं भयंकर चिवट. टेफ्लॉनला काही चिकटत नाही म्हणतात, हे चिकटतं. म्हणून बुरशीवालं मॅडमच्या टेबलावर यायचं नाही. त्यांचा कप वेगळा, तारा वेगळ्या, सुई वेगळी. कप धुण्याची काचेची बरणीही वेगळी, तिच्या झाकणावर धुळीसाठी दादरा बांधलेला, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा.

माझं काम बुरशीवाल्या दारावर, पलीकडच्या टेबलाशी. म्हणजे त्या हिशेबाने मी ओवळ्यातला. मी देशपांडे, घर मूळचं सदाशिव पेठेतलं. उपकरणं सांभाळणारा कांबळे मला एकदा म्हणाला, "आता कळलं का देशपांडे, कसं वाटतं ते?" हसत म्हणाला, पण पुरता हसत नव्हता.

मॅडमनी ते ऐकलं. "कांबळे, ते माणसांना लावलं म्हणून पाप झालं. कपाला लावलं तर शास्त्र आहे."

"मान्य मॅडम," कांबळे म्हणाला. "कपाने तक्रार केली तर सांगा."

ज्या दिवशी त्यांची साखळी बोलली त्या दिवशी मी तिथे होतो. रिकामा पडदा नेहमीसारखा गप्प. मग त्यांनी सुईने साखळीचा थेंब सोडला आणि पाठ करून बसल्या. बराच वेळ काही नाही. मग सूर एक पायरी चढला. थांबला. आणखी एक. माणसाने ओवलेले मणी आपणहून फेर धरून उभे राहिले होते. नंतर मॅडमनी कोपऱ्यावरच्या बेकरीतून सगळ्यांसाठी खारी आणवली आणि स्वतः एक तुकडा कानाजवळ मोडून पाहिला. लेख छापायला पाठवला. तपासणाऱ्यांचं उत्तर चांगलं आलं. त्यांचं मागणं एवढंच होतं, की साखळी नव्याने ओवा, मोजमापं पुन्हा द्या, म्हणजे छापतो.

ती साखळी ओवून तयार होत होती तेव्हाच तो शनिवार आला.

माझं काम बघायला समिती येणार होती. मी कायम होणार की कंत्राट संपणार हे त्यांच्या हातात. आदल्या संध्याकाळी माझ्या कपाच्या भोकाची कड तुटली. मॅडम भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. मी त्यांचा कप घेतला, त्यांच्या तारा घेतल्या, बुरशीवालं घातलं आणि समितीला दार उघडून दाखवलं. समिती खूश झाली. ती गेल्यावर मी कप चांगला धुवायचा ठरवलं आणि चांगला धुवायचा म्हणून त्यांच्याच बरणीत बुडवला. त्या क्षणी मला वाटलं की मी काळजी घेतोय. दादरा होता तशाच गाठीने परत बांधला.

सोमवारी मॅडमनी रिकामा पडदा ओढला, पाठ केली, डोळे मिटले. लख्ख सकाळ होती. सूर चढला.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. सूर आणखी एक पायरी चढला, तिथे थरथरला, आणि खाली आला. कपात काहीही नव्हतं. मॅडमच्या अंगावर काटा आलेला मला दिसला, कोपरापर्यंत.

त्या सगळ्यांना एकेकटं विचारत माझ्यापर्यंत आल्या. "श्रीकांत, शनिवारी माझ्या टेबलाशी कुणी होतं?"

"नाही मॅडम."

"तू होतास ना इथे?"

"मी माझ्या टेबलाशी होतो."

"बरं. तू म्हणतोस म्हणजे नव्हतं कुणी."

पुन्हा त्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर, असं मी पुष्कळदा मनाशी म्हणतो. पण दुसऱ्यांदा विचारायचं कारण त्यांच्याकडे नव्हतं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मॅडमनी मीठ बदललं, पाणी बदललं, चरबीची नवी कुपी फोडली. तारा नव्या केल्या. भोसरीच्या कारागिराकडून नवा कप कातून आणला, बरणीतला द्रव ओतून नवा भरला, त्यात नवा कप धुतला. रिकामा बोलतच राहिला. बरणीच्या झाकणाला आतून टेफ्लॉनची चकती होती. द्रव नवा असला तरी चकती तीच होती, आणि तिला चिकटलेलं बुरशीवालं त्या बरणीत धुतलेल्या प्रत्येक गोष्टीला पुन्हा लागत होतं. हे मला तेव्हाच सुचलं होतं. मी बोललो नाही. चकतीचं नाव घेतलं असतं तर ते मला का सुचलं, हेही सांगावं लागलं असतं.

ते दिवस विचित्र होते. मॅडम साखळीकडे वळेनात, नुसतं रिकाम्याचं ऐकत बसायच्या. मी आत गेलो की हात वर, आणि दोघं ऐकत राहायचो. त्या काही नसलेल्या कपातून सूर पायऱ्या चढायचा नि उतरायचा, वरच्या खोलीत कुणी येरझाऱ्या घालाव्यात तसा. झाडायला येणाऱ्या कमलमावशींनी ती खोली सोडून दिली. "कुणी नसताना गुणगुणतंय तिथं," त्या म्हणाल्या. "मी नाय जायची. पगार कापा." कुणी हसलं नाही. आवाज कुठून येतो हे मला एकट्याला माहीत होतं, तरी माझीही पाठ त्या पिंजऱ्याकडे होत नसे.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "सगळं बदललं. काय उरलं सांग."

मी बरणी सोडून बाकी सगळ्या टेबलावर नजर फिरवली.

"हात," त्या म्हणाल्या. "माझे हात तेवढे तेच आहेत. आज तू कर. माझ्या टेबलाशी, माझ्या पिंजऱ्यात. मी शिवणार नाही कशाला."

आता जे सांगतो ते कप वापरण्याहून वाईट आहे. मी नवा कोरा कप घेतला आणि त्यांच्या बरणीत न धुता माझ्याकडच्या ताज्या द्रवात, कोऱ्या भांड्यात धुतला. ताराही नव्या. का तसं केलं? त्यांच्या बरणीची मला भीती बसली होती, हात तिकडे जाईना. मुद्दाम केलं नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण बरणी टाळली ती जाणूनबुजून, हे खरं आहे. मॅडम दाराशी उभ्या होत्या, हात मागे बांधून, भिंतीकडे तोंड करून. मी काय कशात धुतोय हे त्यांनी बघितलं नाही. बघायची गरज त्यांना वाटली नाही.

पडदा काळा झाला. गुणगुण सुरू झाली. सपाट. आम्ही दुपारच्या जेवणाची वेळ उलटून जाईपर्यंत ऐकत होतो. रिकामा एकदाही बोलला नाही.

मॅडमनी हात पुढे घेतले आणि तळवे उलटे-सुलटे करून बघितले. आपलेच आहेत का हे बघतो तसे.

"बरं झालं कळलं," त्या म्हणाल्या.

लेख त्यांनी स्वतःच मागे घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. माझा रिकामा गप्प नाही, साखळीचा थेंबही याच हातांनी सोडलेला, तर पहिल्या वेळी माझी साखळीच बोलली हे मी कशाच्या जोरावर म्हणू, असा त्यांचा सरळ हिशेब. संचालकांनी समजावलं, कांबळेने समजावलं. मी समजावायला गेलो नाही. काही महिन्यांत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी हार त्यांनी गळ्यात घालू दिला, पण काढायला हात लावला नाही. शेवटी कांबळेने काढला. तेव्हा आम्हाला ते विक्षिप्त वाटलं एवढंच. मी कायम झालो होतो. पुढे ती प्रयोगशाळाही माझ्याकडे आली.

गेल्या वर्षी मी तीच साखळी पुन्हा ओवली. मॅडमचेच मणी, त्याच क्रमाने. सगळं नवीन, कप, तारा, बरणी, झाकण. हे कुणाला सांगितलं नाही, सुट्टीच्या दिवशी केलं. रिकामा गप्प होता. साखळी घातली आणि सूर चढला, एक पायरी, दुसरी, तिसरी. मॅडमचं दार खरं होतं. पहिल्या दिवसापासून खरं होतं.

तेवढं कळल्यावर ईदनंतर मी हडपसरला त्यांच्याकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो. वारज्यातल्या माझ्या घरून निघताना सांगायची वाक्यंसुद्धा जुळवली होती.

दार धाकट्या बहिणीने, शमीमताईंनी उघडलं. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या, केस पूर्ण पांढरे, साडी तशीच खोचलेली. हातांत पातळ रबरी मोजे, आम्ही प्रयोगशाळेत घालतो तसे. घरात.

"शिरखुर्मा आणते सर," शमीमताई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मला हळूच म्हणाल्या, "आपाचं मनावर घेऊ नका. ती वाढत नाही कुणाला. भाचीच्या बाळालासुद्धा घेतलं नाही अजून. लांबून बघते."

"काय कुजबुजतेस?" मॅडम म्हणाल्या. "सांग की सरळ, आपाला वेड लागलंय म्हणून. श्रीकांत, वेड नाही रे. काही माणसांच्या हाताला घाम जास्त येतो, काहींच्या हाताला काय येतं ते कळलेलं नाही. कळेपर्यंत आपण लांब राहावं. साधी गोष्ट आहे."

दिवसाउजेडी, पंखा फिरत असताना, रस्त्यावरून रिक्षा जात असताना त्या हे बोलत होत्या. आवाज अगदी पूर्वीचा, वर्गात सांगावं तसा स्वच्छ. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. चुकीचं काही नव्हतं त्यात, फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती.

मी वाटी हातात धरून बसलो. शिरखुर्म्यावर साय धरली.

"तुझा रिकामा गप्प असतो ना?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम."

"असणारच. तुझे हात चांगले आहेत."

तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात शमीमताई "आणखी घ्या" म्हणत आल्या आणि मी, ज्याने वाटीतलं संपवलंही नव्हतं, "द्या थोडं" म्हणालो.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. कडी त्यांनी कोपराने सरकवली. मी जिना उतरलो आणि वळणावरून वर बघितलं. त्या दारात उभ्या होत्या, मला निरोप द्यायला हात वर न करता. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, ओले असावेत तसे, साडीला लागू नयेत म्हणून. चेहऱ्यावर हसू होतं.

लेखाच्या संपादकांना पत्र लिहायचं आहे, ते मी माझ्या नावाने लिहीन. संस्थेत सांगायचं आहे, तेही सांगेन. ती माझी कामं आहेत. देणं वेगळं आहे. मॅडमचे हात स्वच्छ आहेत आणि नेहमीच स्वच्छ होते, हे मी त्यांना त्यांच्यासमोर बसून सांगणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.